नॉमिनीचं नाव त्यांना कसं कळलं?

सुलतान बाजारात साड्यांच्या मोठ्या दुकानांमागे जी गल्ली जाते, तिथे त्रिवेणीबाईंचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, परकराचं कापड, फॉल आणि कोपऱ्यात पिकोची मशीन. हैदराबादेत अशा गाळ्याला मलगी म्हणतात. ही मलगी त्यांच्या नवऱ्याने भाड्याने घेतली होती. तो गेला तेव्हा तेजश्री शाळेत होती. दिवसकार्य आटोपून सासरची माणसं भालकीला परत निघाली, तेव्हा दुकान आवरून टाक असं सांगून गेली. जाण्याआधी धाकट्या दिरानं, नवऱ्याच्या खात्यात किती पैसे होते हेही विचारून घेतलं होतं. त्रिवेणीबाईंनी त्याला आकडा सांगितला, आणि नंतर कितीतरी वर्षं तो आकडा त्यांना नातेवाइकांच्या तोंडून ऐकावा लागला. तेव्हापासून त्यांनी एक नियम केला. दुकान चालवायचं, आणि पैशाविषयी कुणापाशी तोंड उघडायचं नाही. सख्ख्या भावापाशीही नाही.

नियम त्यांनी पाळला. फक्त एका ठिकाणी त्या गाफील राहिल्या, आणि त्यात त्या एकट्या नव्हत्या.

हैदराबादचा मराठी माणूस दवाखान्यात गेला तरी आधी विचारतो, इथं आपलं कुणी आहे का. बँकेत तर हमखास विचारतो. त्रिवेणीबाईंच्या बँकेत प्रशांत होता. मराठी मंडळाच्या गणपतीत आरत्या म्हणणारा, वयानं मोठ्या दिसणाऱ्या प्रत्येक बाईला काकू म्हणणारा, हसतमुख मुलगा. आता तो अधिकारी झाला होता. तो असला की रांग नाही, टोकन नाही. फॉर्म तोच भरायचा, काकूंनी फक्त सही करायची. मुदतीची ठेव त्यानंच करून दिली आणि नॉमिनी म्हणून तेजश्रीचं नावही त्यानंच घातलं. जो माणूस आपल्यासाठी नियम थोडा वाकवतो तो दुसऱ्या आपल्या माणसासाठीही वाकवेल, हा विचार त्रिवेणीबाईंच्या मनात कधी आला नाही. मंडळातल्या निम्म्या लोकांची खाती प्रशांतच्या टेबलावर होती, त्यांच्याही मनात आला नसावा.

ती ठेव मलगीसाठी होती. मालक म्हातारा झाला होता आणि विकायचं म्हणत होता. विकली तर पहिल्यांदा तुम्हालाच, असा शब्द त्यानं दिला होता.

तेजश्री आता बरकतपुऱ्यातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासण्याचं काम करते. तिच्यासाठी संदेशचं स्थळ त्रिवेणीबाईंच्या भावानं, अप्पारावांनी आणलं. संदेश माधापूरच्या कंपनीत होता. त्याचे वडील एकनाथराव मूळचे उदगीरकडचे, नारायणगुड्यात त्यांचा ट्रॅव्हल्सचा धंदा. मुलगा-मुलगी दोन-चारदा भेटली, आणि तेजश्री घरी येऊन उगाचच गुणगुणायला लागली तेव्हा आईला जे समजायचं ते समजलं.

पुढची बोलणी नल्लकुंट्याला त्रिवेणीबाईंच्या घरी झाली. चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, मग एकनाथरावांनी घसा साफ केला.

"विहीणबाई," ते म्हणाले. साखरपुडा व्हायचा होता, पण त्यांनी नातं जोडूनही टाकलं होतं. "आम्हाला काही नको. पोरांनी उप्पलला फ्लॅट बघितलाय. तुमची ती ठेव आषाढात मोकळी होतेच आहे. बँकेत पडून राहण्यापेक्षा फ्लॅटला लागली तर चारचौघांत तुमचंच नाव होईल. आणि नॉमिनी तेजश्रीच आहे. म्हणजे पैसा शेवटी तिचाच."

त्रिवेणीबाईंनी हातातली बशी खाली ठेवली. ठेवीची पावती कपाटात होती आणि कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला. ठेव आहे एवढं तेजश्रीला माहीत होतं, पण नॉमिनीचं तिला स्वतःलाही माहीत नव्हतं.

"नॉमिनी तेजश्री आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

एकनाथराव मनमोकळं हसले. स्थळ म्हटलं की चौकशी आलीच, म्हणाले. तुम्हीही आमची केली असेल.

केली होती. अप्पाराव नारायणगुड्यात जाऊन त्यांच्या शेजाऱ्याला आणि कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारून आले होते, मुलगा पितो का, बाप तापट आहे का. बँकेत कुणी गेलं नव्हतं.

पाहुणे गेल्यावर अप्पाराव चिडले, पण एकनाथरावांवर नाही. बहिणीवर. बापाच्या माघारी आपण तिचं सगळं बघितलं, भालकीचं स्थळ बघून लग्न लावून दिलं, आणि हिच्या ठेवीची खबर आपल्याला परक्याकडून लागावी, हे त्यांना फार लागलं.

"दादा, तुला माहीत नव्हतं ते बरोबर होतं," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "त्यांना माहीत आहे ते चूक."

दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्याआधी त्या बँकेत गेल्या. प्रशांतनं उठून खुर्ची दिली आणि पेढे कधी म्हणून विचारलं. त्रिवेणीबाईंनी सरळ विषय काढला. तो जराही ओशाळला नाही. एकनाथराव मंडळात भेटले होते, त्यांनी विचारलं, आपण सांगितलं. वाईट थोडंच सांगितलं, घर भक्कम आहे, डोळे झाकून करा असंच सांगितलं. त्यांनी ठेवीचं विचारलं तेव्हा अंदाजानं नव्हे, बँकेत येऊन नीट बघून सांगितलं, असंही तो म्हणाला. काम चोख केल्याचं त्याला समाधान होतं.

"काकू, घरातलीच गोष्ट आहे," तो म्हणाला. "तुमची किंमत वाढवली मी."

"घरातलीच आहे ना? मग तुझी सांग. पगार किती, कर्ज किती, बायकोच्या नावावर काय ठेवलंस. सांग. इथंच सांग, मी ऐकते."

शेजारच्या काउंटरवरची मुलगी टायपिंग करायची थांबली. रांगेतला एक म्हातारा टोकन हातात धरून वळून बघू लागला. प्रशांतचं हसू मावळलं, आणि आवाज खाली आणून तो म्हणाला, काकू, असं काय करता, सगळे बघतायत.

"हो ना," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "असंच वाटतं."

मॅनेजरबाई गुंटूरकडच्या होत्या. त्यांनी केबिनमध्ये बसवून घेतलं, पाणी दिलं आणि हिंदीत समजूत घातली. झालं ते बरं झालं नाही, त्याला मी समज देते, पण लेखी तक्रार करू नका. लिहिलं की कागद वर जातो आणि एका होतकरू मुलाच्या नोकरीवर डाग लागतो. त्रिवेणीबाईंनी विचारलं, तुम्ही समज दिली असं मला लेखी मिळेल का? ते बँकेचं अंतर्गत असतं, असं उत्तर मिळालं. मग त्यांनी दुसरं विचारलं. प्रशांत त्यांचं खातं उघडायचा तेव्हा आधी यंत्रावर अंगठा टेकवायचा, हे त्यांनी इतकी वर्षं समोर बसून पाहिलं होतं. या महिन्यात मी आले नसताना माझं खातं कुणाच्या अंगठ्यानं उघडलं, ते तुमच्या कंप्युटरमध्ये असेल ना?

मॅनेजरबाईंनी कंप्युटरची स्क्रीन आपल्याकडे वळवून घेतली. समजुतीच्या सुरात बोलणं त्यांनी थांबवलं.

त्या संध्याकाळी मायलेकी समोरासमोर बसल्या. मजकूर आईनं सांगायचा आणि तेजश्रीनं तो इंग्रजीत उतरवायचा असं ठरलं, कारण तेजश्रीला मराठी बोलता फाडफाड यायचं, लिहिताना मात्र जोडाक्षरापाशी ती अडखळायची. कुणी सांगितलं, कुणाला सांगितलं, काय सांगितलं, आणि मला ते कसं कळलं. खातं कुणी उघडलं ते तपासा. काय केलं ते मला लिहून कळवा. आणि चूक झाली असेल तर तसं लिहून द्या. बाकी काही नको.

अर्ध्यावर तेजश्रीचा हात थांबला.

"आई, हे दिलं की संदेशकडचे बिथरतील."

"बिथरतील."

"लग्न मोडेल."

"मोडू शकतं," त्रिवेणीबाई म्हणाल्या. "पैसा माझा आहे, पण लग्न तुझं आहे. तू थांब म्हण, मी इथंच थांबते. नंतर कधी बोलून दाखवणार नाही."

तेजश्री उठली. गच्चीत जाऊन तिनं संदेशला फोन लावला. बऱ्याच वेळानं आली. पप्पा चौकशी करणार हे त्याला माहीत होतं, बँकेत विचारणार हे माहीत नव्हतं, असं तो म्हणाला होता. पप्पांचा स्वभावच तसा आहे, तू मनावर घेऊ नकोस, असंही म्हणाला होता.

"दे पाठवून," ती म्हणाली. "पण मोडलं तर 'मला आधीच दिसत होतं' असं म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

अर्ज घेऊन त्रिवेणीबाई बँकेत गेल्या तेव्हा आवक विभागातला माणूस कागद ठेवून जा म्हणाला. पोच दिल्याशिवाय मी जागची हलणार नाही, असं त्यांनी सांगितलं. त्यानं मॅनेजरबाईंकडे पाहिलं, त्यांनी खिडकीकडे पाहिलं. त्रिवेणीबाई उभ्याच राहिल्या. शेवटी दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही पडली तेव्हा त्या दुकानात गेल्या.

बातमी त्यांच्या आधी पोचली होती. गल्लीतला बटणवाला जब्बारभाई म्हणाला, "क्या बाजी, बँकवालों से पंगा?" आणि मग आपणहून सांगू लागला की त्याच्या भाच्याचं सोनं तारण आहे हे त्याच्या साडूला बँकेतूनच कळलं होतं, आणि ईदेच्या दिवशी साडूनं ते भर जेवणात काढलं होतं. भाचा गप्प बसला. सगळेच बसतात.

मंडळातल्या बायका मात्र गप्प बसल्या नाहीत. आपल्याच माणसावर तक्रार, तीही परप्रांतात, असं त्या म्हणू लागल्या. हा प्रांत परका असता तर तीन पिढ्या इथं कशा राहिल्या असत्या, असं त्रिवेणीबाईंच्या मनात आलं. प्रशांतची बायको माधवी दुकानात येऊन रडली. लेकरं लहान आहेत, म्हणाली. त्रिवेणीबाईंनी तिला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि अर्जाची प्रत तिच्या हातात दिली. त्याला काढून टाका असं एक अक्षर यात असेल तर दाखव, म्हणाल्या. माधवीनं वाचलं, डोळे पुसले, आणि तरी जाताना म्हणालीच, काकू, मोठ्या मनानं सोडून द्यायला हवं होतं. मोठं मन लहानाकडूनच का मागतात, हे त्रिवेणीबाई तिला विचारणार होत्या, पण गिऱ्हाईक आलं.

महिना होत आला तेव्हा बँकेच्या वरच्या कचेरीचं पत्र आलं. बँक ग्राहकांच्या गोपनीयतेचा आदर करते, तपासात तक्रारीला पुष्टी देणारं काही आढळलं नाही, प्रकरण बंद करण्यात येत आहे. खातं कुणी उघडलं या प्रश्नाला उत्तरच नव्हतं.

बँकेनं तक्रार फेटाळली, किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत आणि वकीलही लागत नाही. तेजश्रीला हे दवाखान्यातल्या एका रुग्णानं, निवृत्त बँक ऑडिटरनं सांगितलं. रविवारी तिनं ऑनलाइन तक्रार भरली, शिक्का असलेली प्रत आणि बँकेचं उत्तर जोडलं. वरच्या कचेरीला जे सापडलं नव्हतं ते शोधायची आता घाई सुरू झाली. मॅनेजरबाईंचे दोन फोन आले. प्रशांतकडे खुलासा मागितल्याचं कानावर आलं.

साखरपुडा तोंडावर होता. हॉल ठरला होता, मुलाकडून तेजश्रीसाठी नारायणपेठची रेशमी साडी येऊन पडली होती. अशा वेळी एकनाथरावांनी अप्पारावांच्या मार्फत निरोप पाठवला की भेटून एक गोष्ट मिटवू. ते आले, सोबत संदेश आला, आणि मागोमाग खाली मान घातलेला प्रशांत. प्रशांतच्या हातात टाइप केलेला कागद होता. गैरसमजातून तक्रार केली होती, ती मी मागे घेते. खाली सहीची जागा.

एकनाथराव या खेपेला विहीणबाई म्हणाले नाहीत.

"ताई, सही करा, रविवारी साखरपुडा करून मोकळे होऊ. नाही केलीत तर आम्हाला विचार करावा लागेल. उद्या आमचं काही खुपलं तर तुम्ही आम्हालाही दिल्लीपर्यंत न्याल."

अप्पाराव कळवळून म्हणाले, "त्रिवेणी, एका सहीचा प्रश्न आहे. पोरीकडे बघ."

त्रिवेणीबाईंनी पोरीकडे पाहिलं. मग कागदाकडे.

"यात गैरसमज लिहिलंय. माझा काय गैरसमज झाला, ते सांगा. प्रशांतनं सांगितलं नाही? तुम्ही विचारलं नाही?" एकनाथरावांनी कागद आणखी पुढे सरकवला. "मग मी खोटं लिहून देऊ, आणि त्या खोट्यावर माझ्या लेकीचा संसार मांडू? मी नाही करणार सही. दादा, तू रागाव. ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे. दुकान बंद कर म्हणाले होते तेव्हाही मी ऐकलं नव्हतं."

तेजश्री इतका वेळ दाराला टेकून उभी होती. तिनं संदेशला विचारलं, "तू काय म्हणतोस?"

संदेशनं वडिलांकडे पाहिलं. "माहिती तर कळून गेलीच आहे ना आता. सही केल्यानं काय बिघडतं?"

"उद्या माझा पगार, माझी बचत, मी आईला काय दिलं, हेही असंच कळून जाईल," तेजश्री म्हणाली. "आणि तू असंच म्हणशील."

 तेजश्री आत गेली, साडीचा डबा घेऊन आली आणि एकनाथरावांसमोर टीपॉयवर ठेवला.  एकनाथरावांनी डबा उचलला. जिन्यात ते अप्पारावांना ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणाले की बाप नसलेलं घर असंच असतं.

पुढचे काही दिवस मायलेकी कामापुरतंच बोलत होत्या. तेजश्री वेळेवर दवाखान्यात जायची, वेळेवर यायची, जेवायची. गुणगुणणं थांबलं होतं. दुकानात त्रिवेणीबाईंनी एका जुन्या गिऱ्हाइकाला मोरपंखी ब्लाउजपीसवर हिरवं अस्तर कापून दिलं, आणि ती बाई परत घेऊन आली तेव्हा पैसे परत केले. आपण बरोबर वागलो याबद्दल त्यांना शंका नव्हती. पण बरोबर वागण्याचा भुर्दंड लेकीनं भरला होता, आणि ते त्यांना घास गिळताना आठवायचं. त्यांनी कबूल केल्याप्रमाणे तिला एका शब्दानंही काही म्हटलं नाही. तिनंही म्हटलं नाही.

लोकपालाच्या कचेरीनं बँकेकडे नोंदी मागितल्या असाव्यात, कारण एका दुपारी मॅनेजरबाई स्वतः मलगीत आल्या. बँकेचं माफीचं पत्र आणलं होतं. हे मान्य आहे अशी सही केली की प्रकरण मिटेल, म्हणाल्या. त्रिवेणीबाईंनी पत्राचा अर्थ सांगायला सांगितलं. मॅनेजरबाईंनी हिंदीत वाचलं की आमच्या कर्मचाऱ्याकडून अनवधानानं आपली माहिती बाहेर गेली, त्याबद्दल बँक दिलगीर आहे.

"अनवधानानं म्हणजे नकळत?"

मॅनेजरबाईंनी होकारार्थी मान हलवली.

"मॅडम, त्यानं आपला अंगठा लावून माझं खातं उघडलं. आकडा बघितला, तारीख बघितली, माझ्या मुलीचं नाव बघितलं, आणि जाऊन सांगितलं. त्यापायी माझ्या मुलीचं लग्न मोडलं. हे नकळत झालं असं मी लिहून दिलं, तर चूक कुणाचीच नव्हती, लग्न मीच उगाच मोडलं असं होईल. हा शब्द काढा."

एका शब्दानं काय फरक पडतो, असं मॅनेजरबाईंनी विचारलं. फरक पडत नसेल तर काढा की, असं त्रिवेणीबाई म्हणाल्या आणि फॉलच्या गुंडाळ्या लावू लागल्या. मॅनेजरबाई पत्र पर्समध्ये घालून गेल्या. लोकपालाच्या कचेरीतून, समाधान झालं का, अशी विचारणा आली तेव्हा तेजश्रीनं आईनं सांगितलं तेच उत्तर पाठवलं. झालं नाही, आणि का नाही.

दुसरं पत्र यायला वेळ लागला, पण आलं. त्यात लिहिलं होतं की बँकेच्या कर्मचाऱ्यानं ग्राहकाच्या संमतीशिवाय तिच्या ठेवीची आणि नॉमिनीची माहिती त्रयस्थ व्यक्तीला दिली, हा गोपनीयतेचा भंग आहे, बँक त्याची जबाबदारी घेते आणि माफी मागते. संबंधितावर सेवानियमांप्रमाणे कारवाई चालू आहे. थोडी भरपाईही होती. त्या पत्रावर त्रिवेणीबाईंनी सही केली. प्रशांतची बदली वरंगलकडे झाली, आणि मंडळातल्या ज्या बायका मोठ्या मनाच्या गोष्टी करत होत्या त्यांच्यापैकी दोघी गुपचूप दुकानात येऊन विचारून गेल्या की तक्रार नेमकी लिहायची कशी.

अप्पाराव बरेच दिवस आले नव्हते. आले ते एक नवीन स्थळ घेऊन. नांदेडचा मुलगा, इथंच नोकरी. तेजश्री म्हणाली, मामा, सध्या नको, आणि चहा करायला आत गेली. अप्पाराव आवाज खाली आणून बहिणीला म्हणाले की आज ना उद्या हो म्हणेल, पण लोक विचारणार, आधीचं का मोडलं. चौकशी तर होणारच.

त्रिवेणीबाईंनी कपाट उघडलं, बँकेच्या पत्राची एक झेरॉक्स काढली आणि भावाच्या हातात दिली.

"होऊ दे. चौकशीला येईल त्याला पहिल्यांदा हे वाचायला दे," त्या म्हणाल्या. "वाचून जो बसून राहील, त्याला चहा पाज."